किंमत न छापलेलं तिकीट

काल रात्री संक्रांतीची एकतीस पाकिटं तयार झाली. जेवणाचं टेबल पुसून त्यावर जुनं वर्तमानपत्र अंथरलं, एका बाजूला दुमडलेली शुभेच्छापत्रं, एका बाजूला भाजलेल्या पांढऱ्या तिळाची वाटी, आणि मध्ये स्वयंपाकघरातला वजनकाटा. हलवा मी पाकिटात घालत नाही. न्यू जर्सीत आल्यानंतरच्या पहिल्याच संक्रांतीला घातला होता, आईनं पाठवलेला, काटेरी, केशरी. मैत्रिणींना मिळाला तो फाटक्या पाकिटातला चुरा. पुढच्या वर्षी पोस्टातल्या खिडकीवरच्या बाईंनी समजावून सांगितलं की पत्रं पट्ट्यांमधून आणि रुळांमधून वाकत, वळत जातात, एक यंत्र तासाला तीस हजारांहून जास्त पाकिटं काढतं, त्यात टणक गोळी आली की पाकीट फाटणारच. तसं काही घालायचं तर यंत्रात न जाणारं पाकीट म्हणून जादा पैसे भरायचे. तेव्हापासून चिमूटभर तीळ पातळ कागदाच्या पुडीत सपाट पसरून घालते. पाकीट बोटांत धरून वाकवलं तर वाकलं पाहिजे, आणि वजन एका औंसाच्या, म्हणजे अठ्ठावीस ग्रॅमच्या आत राहिलं पाहिजे. काल सगळी बावीस-तेवीस ग्रॅमची भरली.

मग तिकिटं लावायला घेतली. दिवाळीची. सोनेरी पार्श्वभूमीवर तेवती पणती आणि खाली गुलाबाच्या पाकळ्या. ५ ऑक्टोबर २०१६ रोजी न्यूयॉर्कच्या भारतीय वकिलातीत या तिकिटाचं प्रकाशन झालं. रंजू बत्रा आणि त्यांच्यासारख्या कितीतरी लोकांनी त्यासाठी वर्षानुवर्षं अर्ज केले, सह्या गोळा केल्या. मी प्रकाशनाच्याच आठवड्यात दहा पानं घेतली, प्रत्येक पानावर वीस तिकिटं. एका तिकिटाला ४७ सेंट, म्हणजे सगळे मिळून ९४ डॉलर. एवढ्या तिकिटांचं करणार काय, असं तेव्हा घरात विचारलं गेलं. काल रात्री पाकिटं चिकटवून झाल्यावर मोजली, सतरा उरली आहेत.

जुलै २०२५च्या दरानं एक औंसाच्या साध्या पत्राला ७८ सेंट पडतात. माझ्या पणतीवर ४७ लिहिलेलं नाही आणि ७८ही लिहिलेलं नाही. 'फॉरेव्हर' एवढा एकच शब्द आहे. त्याचा अर्थ इतकाच, की ज्या दिवशी हे पत्र पेटीत पडेल त्या दिवशी जो दर असेल तो या तिकिटानं भरला असं समजायचं.

या एका शब्दाविषयी मला बरेच दिवस लिहायचं होतं. त्यासाठी आधी आमच्या पडवीत जावं लागेल.

माझे वडील, अण्णा, 'ईडी', म्हणजे 'एक्स्ट्रा डिपार्टमेंटल' पोस्टमास्तर होते. देवरुखच्या पुढं डोंगरात आमचं गाव, आणि गावाचं पोस्ट म्हणजे आमच्या घराची पडवी. एक टेबल, एक लाकडी पेटी, तारखेचा शिक्का, शाईची गादी, तराजू, आणि डिंकाची बाटली, जिला हात लावायची आम्हा मुलांना बंदी. दुपारच्या एसटीनं टपालाची थैली यायची. शेती सांभाळून करायचं काम, पगार बेताचा, पण गावात त्यांना सगळे 'मास्तर' म्हणायचे आणि पंचक्रोशीतलं निम्मं सुखदुःख त्या पडवीतून ये-जा करायचं. गाव सगळं मुंबईच्या मनीऑर्डरवर जगत होतं. घरटी एक पुरुष गिरणीत नाहीतर गोदीत.

दर वाढले की अण्णांची झोप उडायची. वरून परिपत्रक यायचं, ते भिंतीवर डकवायचं, आणि मग खरा घोळ सुरू. लोकांच्या घरात जुन्या दराची आंतरदेशीय पत्रं पडून असायची. एकदम चार-पाच घेऊन ठेवायची आणि मुलगा सुट्टीवर आला की त्याच्याकडून पत्ते लिहून घ्यायचे, ही रीतच होती. त्या पत्रावर किंमत छापलेली. दर वाढला की ती छापील किंमत अपुरी. वर फरकाचं तिकीट लावलं नाही तर पत्र 'नॉटपेड'. आणि नॉटपेड पत्राचा दंड भरायचा घेणाऱ्यानं, जेवढं कमी पडलं त्याच्या दुप्पट.

ऐंशीच्या दशकाची सुरुवात असेल. वरच्या वाडीतल्या एका आजीनं मुलीच्या साखरपुड्याची तारीख मुंबईला मुलाला कळवली. पत्र माझ्याच थोरल्या भावानं लिहून दिलं होतं. आंतरदेशीय अण्णांकडूनच घेतलेलं, पण दर वाढण्याच्या आधी. आजी बाजाराला गेली तेव्हा तिनं ते तिथल्याच लाल पेटीत टाकलं, म्हणून अण्णांच्या नजरेखालून गेलं नाही. लालबागच्या चाळीतल्या त्या खोलीत आमच्या गावचे बारा-चौदा जण पाळीपाळीनं राहायचे. पोस्टमन आला तेव्हा मुलगा पाळीवर होता, दुसऱ्याच्या पत्राचे पैसे भरायला खोलीत कोणी तयार नव्हतं. पत्र परत आलं. जांभळा शिक्का, त्याच्या शेजारी पेन्सिलीनं लिहिलेला पैशांचा आकडा. तोवर साखरपुडा भावाशिवाय होऊन गेला होता.

आजीनं अण्णांना एका शब्दानं बोल लावला नाही. तिला एवढंच कळत नव्हतं की पैसे मोजून घेतलेला कागद मध्येच कमी कसा पडला. "मास्तर, मी पुरे पैसे दिल्ले नाय का?" असं तिनं विचारलं, आणि अण्णांना उत्तर देता आलं नाही. नियम सांगता आला असता. त्यांनी सांगितला नाही.

त्यानंतर त्यांच्या टेबलाच्या खणात बारक्या किमतीची तिकिटं कायम असायची. दरवाढ झाली की येणाऱ्या प्रत्येकाला विचारायचे, घरी जुनी आंतरदेशीयं आहेत का, असतील तर घेऊन या. आणि फरकाचं तिकीट लावून द्यायचे. ज्याला जमेल तो पैसे द्यायचा. बाकीचे अण्णा भरायचे, कारण महिनाअखेरीला हिशेब पैशापर्यंत जुळावाच लागे. आई म्हणायची, पगारच केवढा तो, त्यातले पुन्हा पोस्टालाच. अण्णा म्हणायचे, विकलं मी होतं.

२००७च्या एप्रिलमध्ये इथं अमेरिकेतल्या पोस्टात मला पहिल्यांदा फॉरेव्हर तिकीट मिळालं. त्यावर फिलाडेल्फियाच्या तडा गेलेल्या लिबर्टी बेलचं चित्र होतं. पुढच्या महिन्यात दर ३९वरून ४१ सेंट होणार होता, आणि हे तिकीट आधीच ४१ला विकायला काढलं होतं. मी पान उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, किंमत कुठे छापली आहे? खिडकीवरचा माणूस म्हणाला, छापलेली नाही, आता कधीच छापणार नाही.

त्या रविवारी अण्णांना फोन केला. ते तेव्हा निवृत्त झाले होते, ऐकायला कमी येत होतं, म्हणून मी ओरडून सांगत होते की अण्णा, आज घेतलेलं तिकीट वीस वर्षांनी लावलं तरी चालेल, वर काही चिकटवायला नको. ते बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "आणि तोटा कोण सोसणार?"

पोस्टमास्तराचा प्रश्न. मला उत्तर ठाऊक नव्हतं. पुढं वाचत गेले तसं थोडं थोडं कळलं. तिकीट विकलं म्हणजे कमाई झाली, असं टपाल खातं धरत नाही. लोकांनी घेऊन ठेवलेली, अजून न वापरलेली तिकिटं त्यांच्या ताळेबंदात देणं म्हणून दिसतात. आजचे पैसे आज हातात येतात आणि सेवा उद्या द्यायची असते. मधल्या काळात ते पैसे बिनव्याजी वापरायला मिळतात. शिवाय कितीतरी तिकिटं कुणाच्या तरी ड्रॉवरमध्ये हरवतात, अल्बममध्ये जातात, पाकिटावर कधी चढतच नाहीत. आणि दरवाढ झाली की एक-दोन सेंटांची तिकिटं छापायची, वाटायची, खिडकीवर रांगा लावून विकायची, हा सगळा व्याप वाचतो. हे मी अण्णांना पुढच्या फोनवर सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे माझा खण त्यांनी तिकिटातच घातला." आज ते नाहीत. एवढं चपखल मला कधी सुचलं नसतं.

त्या पहिल्या तिकिटानंतर दर कसा चढला ते मी वहीच्या मागच्या पानावर लिहीत आले आहे. ४२, ४४, ४५, ४६, ४९. मग एप्रिल २०१६मध्ये चक्क ४७, कारण मंदीतला तोटा भरून काढायला लावलेला जादा अधिभार संपला. टपालाचा दर उतरण्याची वेळ १९१९नंतर पहिल्यांदाच आली होती. माझी दिवाळीची तिकिटं त्या नऊ महिन्यांतली. जानेवारी २०१७मध्ये पुन्हा ४९. त्यानंतर ५०, ५५. इथवर चढण सौम्य होती. ऑगस्ट २०२१पासून मात्र ५८, ६०, ६३, ६६, ६८, ७३, आणि जुलै २०२५मध्ये ७८. चार वर्षांत सात वाढी, ५५चे ७८, म्हणजे जवळजवळ ४२ टक्के.

कारण उघड आहे आणि त्यात कुणाची लबाडी मला दिसत नाही. २००१ साली या देशात पहिल्या वर्गाची १०३ अब्ज पत्रं जात होती. २०२४मध्ये ती ४४ अब्जांच्या आसपास आली. पत्रं निम्म्याहून कमी झाली, पण पत्ते दर वर्षी दहा लाखांच्या वर वाढताहेत, आणि १६ कोटींहून जास्त पत्त्यांवर आठवड्यातले सहा दिवस गाडी जायचीच आहे. आमच्या गल्लीत टपालवाली बाई रोज येते. पूर्वी तिच्या हातात प्रत्येक घराचा गठ्ठा असायचा, आता एखादं बिल आणि किराणा दुकानाचा रंगीत कागद असतो. पण चालायचं अंतर तेवढंच आहे. खर्च करातून नाही, तिकिटांतून आणि पार्सलांतून भागवायचा, असं या खात्याचं १९७१पासूनचं बंधन. २००६च्या कायद्यानं दरवाढ महागाईच्या दराला बांधली होती, ती गाठ २०२०च्या शेवटी नियामक आयोगानं सैल केली. पुढचे आकडे वर दिलेच आहेत.

भारतात याच प्रश्नाला दुसरं उत्तर दिलं गेलं. पोस्टकार्ड गेली वीसेक वर्षं ५० पैशांनाच आहे, आंतरदेशीय अडीच रुपयांना. ते पोचवायला कित्येक पटींनी जास्त खर्च येतो आणि तो सरकार सोसतं. दर वाढतच नाही म्हटल्यावर छापील किंमत कमी पडायचा प्रश्नच उरत नाही. अण्णांना हा मार्ग आवडला असता, पण त्या कार्डाची आज किती लोकांना आठवण आहे, हा विचार मनात आला की गलबलून येतं.

जुलै २०२५मध्ये, दर वाढायच्या आदल्या आठवड्यात, मी पुन्हा पोस्टात गेले आणि पाच पानं घेतली. शंभर तिकिटं, ७३ डॉलर. वाढीनंतर घेतली असती तर ७८. नवऱ्यानं विचारलं, "अगं, पाच डॉलरसाठी अर्धा तास रांगेत उभी राहिलीस?" तो गुंतवणुकीचा हिशेब चोख ठेवणारा माणूस. त्यानं कागदावर मांडून दाखवलं, ४७चे ७८ व्हायला पावणेनऊ वर्षं लागली, शेअर बाजाराच्या साध्या फंडात याहून कितीतरी जास्त झाले असते. त्याचं बरोबर आहे. ज्यांना वाटतं की फॉरेव्हर तिकिटांचा साठा करून श्रीमंत होता येईल, त्यांनी तो नाद सोडावा. पोस्ट ही तिकिटं परत घेऊन पैसे देत नाही. त्यांची वाढलेली किंमत हातात घेता येते ती फक्त एका मार्गानं, कुणाला तरी पत्र लिहून.

आणि मला नेमकं हेच हवं आहे. ती सतरा तिकिटं म्हणजे माझे तेरा डॉलर नाहीत, सतरा पत्रं आहेत. २०१६ साली दोनशे पत्रं घेऊन ठेवली होती, दर ७८ झाला म्हणून त्यातलं एकही कमी झालं नाही. पैशाची गोष्ट वेगळी. चौऱ्याण्णव डॉलर डब्यात ठेवले असते तर ७८च्या दरानं त्यात एकशेवीसच पत्रं बसली असती. आजीच्या प्रश्नाला उत्तर म्हणून मी हा हिशेब मांडते. तिनं पुरे पैसे दिले होते. तिनं एक पत्र विकत घेतलं होतं.

ज्यांच्याकडे अशी तिकिटं आहेत त्यांच्यासाठी दोन गोष्टी सांगायलाच हव्यात. पहिली खोट्या तिकिटांची. ऑनलाइन जाहिरातीत अर्ध्या किमतीत फॉरेव्हर तिकिटं दिसली की ती खोटी समजा. आमच्या ओळखीच्या एका कुटुंबानं मुंजीच्या आमंत्रणांसाठी अशी घेतली होती, ऐंशीतली बहुतेक पाकिटं पोचलीच नाहीत, आणि फोनवर 'आम्हाला बोलावलं नाही' असे रुसवेफुगवे सुरू झाल्यावर उलगडा झाला. जुलै २०२३पासून नियम असा आहे की खोटं तिकीट लावलेलं टपाल सोडून दिलेलं मानायचं, ते पाठवणाऱ्याकडे परत येईलच असंही नाही. म्हणजे नॉटपेडहूनही वाईट. पोस्टातून किंवा ओळखीच्या मोठ्या दुकानातूनच घ्या.

दुसरी गोष्ट मला जास्त लागते. 'कायमचं' हा शब्दही कुणीतरी पाळावा लागतो. ब्रिटनमध्ये अशी किंमत नसलेली तिकिटं अमेरिकेच्या कितीतरी आधी, १९८९पासून आहेत, राणीच्या चेहऱ्याशेजारी फक्त 'पहिला वर्ग' किंवा 'दुसरा वर्ग'. मग बारकोडची तिकिटं आली आणि ३१ जानेवारी २०२३ ही जुन्या नेहमीच्या तिकिटांची शेवटची तारीख ठरली, वर सहा महिन्यांची सवलत. माझी जाऊ लेस्टरला असते. तिनं सासूबाईंच्या पर्समधून निघालेली चार जुनी तिकीटपुस्तकं फॉर्म भरून पाठवली आणि बारकोडची बदलून घेतली. बदलून मिळाली हे खरं, पण ज्या म्हाताऱ्या माणसाला फॉर्मच ठाऊक नाही त्याच्या पर्समध्ये ती तशीच राहिली असणार. डेन्मार्कमध्ये तर ३० डिसेंबर २०२५ला सरकारी टपालानं शेवटचं पत्र पोचवलं आणि चारशे वर्षांचं काम थांबवलं. लाल पेट्या जूनपासूनच उचलायला घेतल्या होत्या. ती बातमी वाचली त्या दिवशी मी उठून दिवाळीच्या तिकिटांचा लिफाफा काढला आणि उगाच बघत बसले. तिकिटाचं मोल टिकायला पेटी टिकावी लागते, आणि पेटीत काहीतरी पडत राहावं लागतं.

म्हणून ही एकतीस पाकिटं. फोनवर तिळगुळाचं चित्र पाठवणं सोपं आहे, ते मलाही येतात आणि मी त्यांना उत्तरही देते. पण टेक्सासच्या माझ्या मैत्रिणीनं गेल्या पंधरा वर्षांची माझी पाकिटं एका बुटाच्या खोक्यात ठेवली आहेत आणि पुड्यांतले तीळ ती संक्रांतीच्या सकाळी खरोखर तोंडात टाकते. मुलगी कॉलेजला गेली तेव्हा मी तिला दर पंधरा दिवसांनी मराठीत पत्र लिहायचे. तिला मराठी वाचायला जे काही येतं ते त्या पत्रांमुळे. कितीतरी पणत्या त्यातच गेल्या.

बत्तिसावं पाकीट आत्याचं, गावाला. वय शहाऐंशी. त्यात तीळ नाहीत, नुसतं पत्र, मोठ्या अक्षरात. पत्त्याखाली पिनकोड लिहिताना अण्णांची एक सवय आठवते. हा सहा आकड्यांचा पिनकोड ज्यांनी बसवला ते श्रीराम भिकाजी वेलणकर आपल्या कोकणातले, हे अण्णा पडवीत आलेल्या प्रत्येक पाहुण्याला अभिमानानं सांगत.

जुलै २०२५च्या दरानं भारतात पत्र पाठवायला १ डॉलर ७० सेंट लागतात. त्यासाठी गोल, 'ग्लोबल' फॉरेव्हर तिकीट मिळतं. २०१३मध्ये ते पहिल्यांदा निघालं तेव्हा १ डॉलर १० सेंटला होतं. माझ्याकडची संपली होती आणि बाहेर बर्फ होतं. पण साधं फॉरेव्हर तिकीट परदेशी पत्रालाही चालतं, ते लावायच्या दिवशीच्या देशातल्या दरानं मोजायचं. दोन पणत्या म्हणजे १ डॉलर ५६. चौदा सेंट कमी.

टेबलाच्या खणात प्लास्टिकच्या डबीत माझी बारकी तिकिटं असतात. लाल नाशपातीचं दहा सेंटांचं एक घेतलं, पिवळ्या लिंबांची दोन-दोन सेंटांची दोन घेतली. पाकिटाच्या उजव्या कोपऱ्यात दोन पणत्या, खाली एका ओळीत फळं. पुन्हा एकदा बेरीज केली. आत्याला दाराशी कुणाला एक पैसा द्यावा लागणार नाही.